एका सिलिंडरची फटफट

मोटारसायकलला मराठीत प्रतिशब्द काय, असं कुणी विचारलं तर आपण जरा अडखळतो. 'स्वयंचलित दुचाकी' वगैरे आरटीओच्या कागदावर ठीक आहे. पण आपल्या लोकांनी कुठल्याही परिभाषा समितीची वाट न बघता तिचं बारसं केव्हाच उरकून टाकलं होतं. फटफटी! कानाला जे ऐकू आलं ते नाव ठेवलं आणि मोकळे झाले.

मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात थोडा इतिहास आहे आणि थोडं यंत्रशास्त्रही. गणित करून बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. जुनी बुलेट स्टँडवर उभी राहून मिनिटाला ६०० फेऱ्यांवर निवांत डुलत असेल, तर मिनिटाला ३०० स्फोट, म्हणजे सेकंदाला ५. एवढे ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. चार सिलिंडरची मोटार १००० फेऱ्यांवर उभी असेल तर सेकंदाला ३३ ठोके पडतात, आणि मग ठोका ऐकू न येता नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा आपल्या आजोबांनी जर पहिल्यांदा चार सिलिंडरची गाडी पाहिली असती, तर आज आपण तिला 'घरघरी' म्हणत असतो. :)

(दिल्लीवाले मित्र लगेच आठवण करून देतील, की चांदणी चौकातली 'फटफट सेवा' तर दोन सिलिंडरच्या हार्ले-डेव्हिडसनवर चालायची. महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी गाड्यांच्या त्या रिक्षा. खरं आहे. पण त्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर तिरके आणि ठोके लंगडत पडणारे, त्यामुळे तीही फटफटतच जायची. मुद्दा ठोका सुटा ऐकू येण्याचा आहे.)

तर आजचा विषय एका सिलिंडरच्या गाड्या आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसं. या गाड्यांचा इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कारखाना कधी सुरू झाला, कधी बंद पडला, मॉडेल कुठलं. तो मीही थोडा सांगणार आहे, त्याशिवाय गत्यंतर नाही. पण मला खरं शोधायचंय ते वेगळंच. एकेकाळी रस्त्यात गाडी बंद पडली की अनोळखी माणूस थांबायचा. तो का थांबायचा?

सुरुवात इंजिनापासून. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये द दियों-बुतों या कंपनीने एक छोटं, हलकं, त्या काळाच्या मानाने जोरात फिरणारं एका सिलिंडरचं इंजिन काढलं. तीनचाकी सायकलींवर ते बसलं आणि मग कितीतरी कंपन्यांनी त्याच्या बेतावर आपापली इंजिनं केली. सायकलच्या सांगाड्यात इंजिन बसवायचं तर एक सिलिंडर हाच सोयीचा मार्ग. एक पिस्टन, एक प्लग, एक कार्ब्युरेटर. बनवायला स्वस्त, उघडायला सोपं.

याची किंमत एका गोष्टीत मोजावी लागते, ती म्हणजे थरथर. एकच पिस्टन वरखाली धावत असतो आणि त्याला तोलायला समोर दुसरा पिस्टन नाही. फिरणाऱ्या क्रँकवर उलटं वजन लावतात, पण त्याने धक्का पूर्ण जात नाही, थोडासा दुसऱ्या दिशेला वळतो इतकंच. म्हणून लांबच्या प्रवासानंतर हाताला मुंग्या, आरसा धूसर, आणि नंबर प्लेटचा एखादा नट कायमचा रस्त्याला अर्पण. ही थरथर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन महायुद्धांनी या गाड्यांना जगभर फिरवलं. पहिल्या महायुद्धात ट्रायम्फच्या ५५० सीसीच्या 'मॉडेल एच'वर बसून निरोपे आघाडीवर धावले. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ५०० सीसीची 'एम २०' सव्वा लाखाच्या आसपास बनवली. दोन्ही एका सिलिंडरच्या. लष्कराला वेग नको होता. चिखलात रुतून, पडून, झडून पुन्हा चालू होणारी आणि साध्या शिपायाला दुरुस्त करता येणारी गाडी हवी होती.

हेच गणित स्वतंत्र भारताच्या लष्कराने मांडलं. सरहद्दीवर गस्त घालायला रॉयल एनफील्डची ३५० सीसी बुलेट निवडली गेली. 'बुलेट' हे नाव इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या या कंपनीने १९३२ सालीच वापरात आणलं होतं. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन 'एनफील्ड इंडिया' जन्मली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. मग हळूहळू भागही इथेच बनू लागले. गंमत पुढे आहे. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० साली तिथलं उत्पादनच संपलं. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली, आणि १९७७ पासून ती चक्क इंग्लंडला निर्यात होऊ लागली. ज्यांनी शिकवलं त्यांनाच शिष्याने डबा पोचवावा, तसं झालं.

दुसरी मोठी मंडळी जावाची. चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक यांची कंपनी, १९२९ ची. मुंबईच्या इराणी कुटुंबाने त्या गाड्या आधी आयात केल्या आणि मग म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. १९६१ पासून तिथून २५० सीसीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९७३ पासून त्यांचं नाव 'येझदी' झालं. टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर मात्र दोन! त्यामुळे अनेकांना ती दोन सिलिंडरची वाटायची आणि मालक बहुधा हा गैरसमज दूर करण्याची घाई करत नसत. जावाची आणखी एक खासियत म्हणजे गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक व्हायची. नवख्या माणसाला किक सापडायची नाही. गाडीला कुलूप लावण्यापेक्षा हे जास्त सुरक्षित, असं आमचे अण्णा म्हणायचे.

तिसरी राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, १७३ सीसीची, १९६२ पासूनची. दिसायला साधी, अंगाने दणकट. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटाने तिच्या धाकट्या बहिणीला थोडं तारुण्य दिलं, पण मूळ राजदूतचं खरं आयुष्य गेलं दुधाच्या कॅनमध्ये. आमच्या सातारा भागात दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली राजदूत सकाळी येताना दिसली, की सहा वाजले असं खुशाल समजावं.

या तीन गाड्यांवर साठ, सत्तर आणि अर्धं ऐंशीचं दशक काढलेल्या माणसांना विचारा. गाडीच्या वेगाबद्दल ते फारसं बोलणार नाहीत. बोलतील ते चालू करण्याबद्दल.

जुन्या बुलेटची किक ही विद्याच होती. आधी हेडलाइटच्या वरच्या छोट्या अँपिअर मीटरकडे बघायचं. किक हळूहळू दाबत जायची. काटा मध्यावर आला की पिस्टन योग्य जागी आला. मग हँडलजवळचा डीकॉम्प्रेसरचा छोटा दांडा ओढून किक जराशी पुढे सरकवायची, दांडा सोडायचा आणि मगच पूर्ण किक मारायची. हे सगळं न करता जोर दाखवायला गेलात, की किक उलटी यायची आणि नडगीवर प्रसाद. ताकदवान पैलवान घामाघूम होऊन बाजूला झालेत आणि पन्नाशीचे किडकिडीत मास्तर एका किकमध्ये गाडी चालू करून निघून गेलेत, हे दृश्य सातारच्या पोवई नाक्यावर तेव्हा कुणालाही बघायला मिळे.

येझदी आणि राजदूतची तऱ्हा वेगळी. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि ऑइल आलं म्हणजे प्लगवर काजळी आली. थंडीतल्या सकाळी प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायचा. प्लग पाना नसलेला येझदीवाला म्हणजे जानवं विसरलेला भटजी. तरीही नाहीच झाली चालू तर ढकलस्टार्ट. गल्लीतली पोरं ढकलायला एका पायावर तयार, कारण चालू झाल्यावर एक चक्कर मिळायची.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अनोळखी माणूस थांबायचा तो का? "तेव्हाची माणसंच चांगली होती" हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. माणसं तेव्हाही आत्ताइतकीच बरीवाईट होती. मला त्याची कारणं तीन दिसतात.

पहिलं कारण यंत्राचं. एका सिलिंडरची गाडी बंद पडली की तपासायच्या गोष्टी मोजून तीन. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा जातेय का. थांबणाऱ्या माणसाला खरोखरच काहीतरी करता येत असे. मदत करण्याची इच्छा सगळ्यांनाच असते हो, पण मदत करता येण्याची शक्यता असली की ती इच्छा ब्रेक दाबते. आज बंद पडलेल्या गाडीजवळ थांबून मी काय करणार? "फोन लावला का?" एवढंच विचारणार.

दुसरं कारण टंचाईचं. परवाना राज्यात गाड्या मोजक्या, कंपन्या मोजक्या. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. (तीही एका सिलिंडरचीच, पण तिचा स्वतंत्र लेख होईल.) नवीन मॉडेल रोज निघत नव्हती, त्यामुळे तुमच्या गाडीचा आजार माझ्या गाडीला होऊन गेलेला असायचा. क्लच वायर, पॉइंट, कंडेन्सर हे भाग तालुक्याच्या गावी मिळतीलच याची खात्री नसे, म्हणून लोक ते जादा घेऊन फिरत आणि वेळेला देत. सातारचा प्लग कराडच्या माणसाला आणि कराडची क्लच वायर पाटणच्या माणसाला, असा एक बिनव्याजी व्यवहार चालू होता.

तिसरं कारण अगदी रोखठोक. आज तू, उद्या मी. त्या थरथरीने कुणाचाही कुठलाही नट कुठेही ढिला व्हायचा. आपली पाळी येणार हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. त्याला उपकार म्हणत नसत. विम्याचा हप्ता म्हणा हवं तर.

आणि या हप्त्याची सगळ्यात सुंदर पद्धत म्हणजे 'पाय लावणे'. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पेट्रोल संपलं, रिझर्व्हही संपलं, गाडी आडवी करून टाकीतला शेवटचा घोटही कार्ब्युरेटरला पाजून झाला. मग मागून कुणीतरी येतो, आपल्या चालत्या गाडीवरून एक पाय तुमच्या फूटरेस्टवर टेकवतो आणि तुम्हाला ढकलत पेट्रोल पंपापर्यंत नेतो. दोन गाड्या, दोन हँडल, मध्ये एक पाय. दोघांनी एकाच वेगाने आणि एकाच अंतराने जायचं, नाहीतर दोघेही आडवे. पंप आला की तो पाय काढतो, मान हलवतो आणि जातो. नाव-गाव काहीही विचारत नाही. नियमाच्या पुस्तकात बसणारी गोष्ट नाही ही, आणि आजच्या रहदारीत कुणी करूही नये. पण पुणे-सातारा रस्त्यावर कैक अनोळखी माणसं अशी एकमेकांच्या पायावर विश्वास टाकून गेली आहेत.

रोजची सुखं तर विचारूच नका. घाटात तिसऱ्या गिअरवर, एकाच सुरात चढणारं इंजिन. जड फ्लायव्हीलमुळे बुलेट अशी चढते की जणू घाट तिला सांगूनच ठेवलाय. वाईहून पसरणीचा घाट चढताना हवा वळणावळणाने गार होत जाते, ती गाडीच्या काचेतून कळत नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं की तापलेल्या पात्यांमधून येणारा टिक टिक आवाज. रविवारी अंगणात गाडी धुणं, त्यात घरातल्या सगळ्यांचे जुने बनियन कामी येणं. गॅरेजबाहेरच्या बाकावर बसून, आपल्या गाडीचं काही काम नसताना, दुसऱ्याच्या गाडीचं पोट उघडलेलं बघत घेतलेला चहा. गॅरेज म्हणजे आमच्या गावातला खरा क्लब होता. वर्गणी नाही, पण मतं भरपूर.

या देशात कुणी दोन सिलिंडरचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची 'राजदूत ३५०' आणली. तशी गाडी रस्त्याने पाहिली नव्हती कुणी. येझदीचीही दोन सिलिंडरची ३५० निघाली. पण पेट्रोल प्यायची आणि भाग महाग मिळायचे. राजदूत ३५० दशक संपता संपता बंद झाली. तिचे भक्त आजही तिच्याबद्दल डोळे मिटून बोलतात, पण दूधवाल्याने, मास्तरने, ओव्हरसिअरने निकाल केव्हाच दिला होता. एकच बरा.

खरा बदल आला तोही एका सिलिंडरनेच. १९८४ ते १९८६ या काळात जपानी भागीदारीच्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज, आणि त्यात १९८५ ची हिरो होंडा सीडी १००. बाकीच्या टू-स्ट्रोक, ही एकटी फोर-स्ट्रोक. तिची जाहिरात साधारण अशी होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा.

'विसरून जा' या दोन शब्दांवर मी बराच विचार केला आहे. विसरता येणारी गाडी ही केवढी मोठी सोय होती, हे लिटरमागे मिळणारे किलोमीटर मोजत संसार केलेल्या माणसालाच कळेल. ज्यांना कधीच गाडी परवडली नसती अशा लाखो घरांत ती गेली. २००१ साली हिरो होंडा जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली ती उगाच नाही. पण विसरता येणाऱ्या गाडीचा प्लग पाना कुणी जवळ बाळगत नाही. आणि ज्याच्याकडे प्लग पाना नाही तो थांबत नाही. दोष कुणाचाच नाही, आमच्या त्या विम्याची गरजच संपली.

पुढचं झपाट्याने झालं. धुराचे नियम कडक होत गेले. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी आरएक्स १०० थांबली. टू-स्ट्रोकचा धूर खरोखरच वाईट होता, मुलांच्या छातीत जाणारा होता, त्यामुळे त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. मद्रासच्या एनफील्डमध्ये आयशर आली, १९९४ साली कंपनी पूर्ण त्यांची झाली आणि रॉयल एनफील्ड हे जुनं नाव परत आलं. इकडे आपल्या पुण्यात बजाजने २००१ साली पल्सर आणली.

मग सुरू झाला आठवणींचा काळ. बुलेटवाल्यांचे क्लब निघाले, रविवारी पहाटे ताफे घाट चढू लागले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करू लागले, अजूनही करतात. २०१८ साली जावा नावाने नवी गाडी आली. २०२० साली रॉयल एनफील्डने थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट असलेलं नवं ३५० सीसी इंजिन आणलं आणि २०२३ साली ते बुलेटमध्येही बसलं. त्या बुलेटला किकच नाही. बटण दाबा, निघा. आरसा स्वच्छ, हाताला मुंग्या नाहीत. आणि त्याच वर्षी ट्रायम्फची एका सिलिंडरची नवी गाडी आली, ३९८ सीसीची. कुठे बनली? चाकणला! शंभर वर्षांपूर्वी आघाडीवर निरोप नेणाऱ्या कंपनीची फटफटी आता पुणे जिल्ह्यात जन्मते. आजोबा हसले असते.

हे क्लब मला आवडतात. त्यांच्यात आपुलकी आहे, अपघात झाला तर रक्त द्यायला रांग लागते. पण फरक जाणवतो. त्यांनी एकमेकांना निवडलेलं असतं. जुन्या रस्त्यावर कुणीच कुणाला निवडलं नव्हतं, पुढचं वळण ओलांडल्यावर जो दिसेल तो आपला.

आता घरचं. नातेवाईक मंडळी, इथून पुढचं तुमच्यासाठी.

सातारचं घर दिवाळीपर्यंत रिकामं करायचंय हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली अण्णांची १९७९ ची येझदी उभी आहे. जिल्हा परिषदेत ओव्हरसिअर म्हणून जावळी आणि पाटणचे रस्ते, शाळा, बंधारे त्यांनी तिच्यावरूनच तपासले. तिचं काय करायचं यावरून गेले दोन महिने आपले फोन चालू आहेत. जुन्या येझदीला आता चांगली किंमत येते. कुणी म्हणतं विकूया, कुणी म्हणतं दिवाणखान्यात ठेवूया. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे, हे वरचं वाचून कळलंच असेल.

पण परवा आईशी बोलत होतो. ती सगळं ऐकून घेते आणि मग एकच वाक्य बोलते, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाली, "माझ्या लूनाबद्दल कुणी विचारलं नाही ते?"

खरंच, लूनाबद्दल कधी कुणी विचारलेलं नाही. १९७२ साली नगरच्या फिरोदियांच्या किनेटिकने काढलेली, ५० सीसीची, पेडल मारून चालू होणारी लूना. सिलिंडर एकच! म्हणजे फटफटीच की. आईने ती १९८६ साली घेतली, तिची शाळा गावापासून नऊ किलोमीटरवर होती म्हणून. मी बसून हिशेब केला. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, वर्षाला साधारण २२० दिवस, चौदा वर्षं. ५५,००० किलोमीटर होतात. पाऊस, ऊन, उसाच्या गाड्या, सगळं धरून.

मग तिने आणखी सांगितलं. त्या रस्त्यावर तीन बाई लूनावरून जायच्या, तीन वेगवेगळ्या शाळांच्या. तिघींमध्ये मिळून एक जादा प्लग आणि एक प्लग पाना. तो ज्या बाईंची शाळा सगळ्यात लांब, त्यांच्या पर्समध्ये असायचा. एखादी सकाळी दिसली नाही तर दुसऱ्या दोघी फाट्यावर दहा मिनिटं थांबायच्या. चढावर लूना दमली तर उतरून पेडल मारत न्यायची, आणि राजदूतवाला दूधवाला भेटला तर तो पिशव्या वर नेऊन चढावरच्या टपरीत ठेवायचा. प्लग कसा साफ करायचा हे त्यानेच तिघींना शिकवलं. आणि सुख? ते पण तिने सांगितलं. शाळा सुटल्यावर परत येताना उतारावर इंजिन बंद करायचं आणि नुसतं वाऱ्यावर खाली यायचं. दीड मिनिट. त्या दीड मिनिटात कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही.

अण्णांच्या येझदीवर तर ती वीस वर्षं मागे एका बाजूला बसली. एक हात बारवर, एक हात पदरावर, मांडीवर मी. त्या बसण्याचं तिने कधी कौतुक केलेलं मला आठवत नाही.

सगळ्या फटफट्यांच्या इतिहासात मला रस्त्यावर थांबणाऱ्या माणसांचा जो धागा सापडला, तो या तिघींच्या फाट्यावर सगळ्यात स्पष्ट दिसतो. सोपं यंत्र, जिनसांची टंचाई, आज तू उद्या मी. तिन्ही कारणं हजर. फक्त त्याला कुणी क्लब म्हटलं नाही आणि कुणी फोटो काढला नाही. लूना २००० साली, आई निवृत्त झाली त्या महिन्यात, भंगारवाल्याला गेली. येझदीचे मात्र आपल्या घरी सतरा फोटो आहेत, मी मोजले. २०२४ साली लूना परत आली आहे, विजेवर चालणारी. तिला सिलिंडरच नाही. त्यामुळे फटफटही नाही.

तर येझदीबाबत आईचा निर्णय असा: आधी ती चालू करायची, मग काय ते ठरवायचं. "बंद गाडी कुणाला देऊ नये आणि घरातही ठेवू नये." गावातल्या जुन्या मिस्त्रींचा मुलगा इंजिन उघडायला तयार आहे. खर्च आपण भावंडांनी वाटून घ्यायचा. चालू झाली की भाच्यापैकी ज्याला प्लग काढून, साफ करून, परत बसवता येईल त्याने न्यावी, मुलगा असो की मुलगी. पैशात विकायची नाही. मला हे मान्य आहे. तुमचं काय ते कळवा.

आणि एक विनंती. आत्या, काकू, मामी, सगळ्यांनाच. १९८६ ते २००० मधले अल्बम जरा चाळून बघा. लग्नाच्या, बारशाच्या फोटोत मागे कुठेतरी, मांडवाच्या खांबाला टेकवलेली एखादी निळी लूना दिसते का. अर्धी दिसली तरी चालेल.